चुन्याखालची नावं

माझ्या कपाटात, बँकेच्या पासबुकांखाली, एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे. त्यावरचं इंग्रजी अक्षर माझंच, टपोरं आणि सरळ, नकाशे काढायचा डिप्लोमा करणाऱ्या मुलीचं असावं तसं. कार्डावर पाच रकाने आहेत. बांधकामाचं वय, कारागिरी, इतिहासातलं स्थान, आजची अवस्था, आणि शेवटी शेरा. पहिल्या चार रकान्यांत गुण भरलेत, शेवटच्यात दोन ओळी. पुढे सबंध नोकरीत मी अशी कार्डं ढिगाने भरली. हैदराबादेतल्या जुन्या देवड्या म्हणजे जागीरदारांचे वाडे, कमानी, बावड्या, दर्ग्यांच्या भिंती, काही सोडलं नाही. त्यांतलं एकही घरी आणलं नाही. या एकाची नक्कल मात्र मी मुद्दाम करून ठेवली आहे. शेऱ्याच्या त्या दोन ओळी लिहिल्या तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते. लोकांना आपल्या चुका विसरायची तरी सोय असते, माझी चूक सहीनिशी कपाटात आहे.

आम्ही तेव्हा गौलीगुड्यात राहायचो, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत नळ. पहाटे पहिली बस सुरू करायला ड्रायव्हर इंजिनाची जी खटपट करायचा ती आमची जाग. मग भोंग्यावरून तेलुगूत गावांची नावं सुरू व्हायची, आणि मी कधीही न पाहिलेली ती गावं मला पाढ्यांसारखी पाठ झाली होती. बा कोठी भागातल्या एका सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तो आणि माय दोघं नांदेडकडच्या एका खेड्यातून आलेले, अंगावरच्या कपड्यानिशी म्हणतात तसे. घरात मराठी, गल्लीत दखनी, नळावर तेलुगू, असा आमचा कारभार. माय अंबाडीची भाजी करायची, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची खमंग फोडणी. शेजारची तेलुगू बाई तीच भाजी वाटीत घेऊन यायची, तिला गोंगुरा म्हणायची, आणि तिची अधिक आंबट असायची. माय तिच्यासमोर बोटं चाटायची आणि ती गेल्यावर म्हणायची, ‘‘चांगली हाय, पर आपली ती आपली.’’ शेजारीणही तिच्या घरी जाऊन हेच म्हणत असणार, याबद्दल मला शंका नाही.

गल्लीच्या टोकाला बग्गीखाना होता. कुण्या जागीरदाराची देवडी तिथे कधीकाळी होती. ती विकली गेली, पाडली गेली, तुकडे पडले, आणि तिच्या बग्ग्या ठेवायची जागा तेवढी उरली. तीन उंच कमानी, आत एकच लांब खोली, घोड्यांच्या पाण्याचा दगडी हौद, आणि वर चुन्यात बसवलेलं छत. शेजारच्या खोपटात रजिया खाला राहायची. जागीरदाराच्या घरच्यांनी तिच्या नवऱ्याकडे सोपवलेली चावी नवरा गेल्यावर तिच्याच कमरेला होती. या खोलीत, मी जन्मायच्या आधीपासून, संध्याकाळी वाचनाचा वर्ग भरायचा. तो सुरू केला शंकरमामांनी. ते छापखान्यात खिळे जुळवायचे, आमच्यातले पहिले शिकलेले. मराठवाड्यातून आलेली आमची माणसं दवाखान्यात, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत कामाला लागली होती, आणि बहुतेकांना अक्षर ओळखीचं नव्हतं. गावाकडून पत्र आलं की दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं. मग कुणाच्या बहिणीला सासरी मार पडतो, कुणाच्या भावाने बैल विकला, सगळं गल्लीभर. शंकरमामा म्हणायचे, आपलं पत्र आपल्याला वाचता आलं की घरातली गोष्ट घरात राहते. शिकण्याचे पुष्कळ फायदे मी पुढे पुस्तकांत वाचले, पण याच्याइतका पटणारा एकही नाही.

त्यांची परीक्षाही तशीच होती. शिकणाऱ्याने स्वतःला आलेलं पत्र सगळ्यांसमोर उघडायचं आणि ओठ न हलवता वाचायचं. वाचून झालं की शंकरमामा विचारायचे, ‘‘काय लिहिलंय?’’ आणि बरोबर उत्तर एकच होतं, ‘‘सांगत नाही.’’ एवढं म्हटलं की खोलीत टाळ्या पडायच्या, आणि तो माणूस उठून मागच्या भिंतीवर, दिव्याची काजळी आणि डिंक खलून केलेल्या शाईने, आपलं नाव आपल्या हाताने लिहायचा. मायने ही परीक्षा बाच्या सहा महिने आधी दिली. तिला तिच्या आईचं पत्र आलं होतं. ते वाचून ती रडली, डोळे पुसले, ‘‘सांगत नाही’’ म्हणाली, आणि ‘गयाबाई’ असं वाकडंतिकडं लिहून आली. बाचं नाव त्याच्या खाली, ‘किसन सटवाजी’. माय त्याला मरेपर्यंत ऐकवायची की, ‘‘भिताडावर तुमी माज्या पायाशी हाव.’’ बा म्हणायचा, ‘‘जागा तिथंच रिकामी व्हती, मी काय करू?’’

एप्रिलात जयंती असते. तिच्या आधल्या रविवारी बग्गीखान्याला चुना लागायचा. पिंपात चुन्याची कळी विरायला घातली की पाणी चुरचुरत उकळायला लागायचं आणि आम्हा पोरांना लांब बसवायचे. त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ. कुंचे अंबाडीच्या वाखाचे. त्या चुन्याने छत, कमानी, भिंती सगळं पांढरं व्हायचं, नावांची भिंतसुद्धा. होय, नावांवरूनही कुंचा फिरायचा. चुना वाळला की एकेक माणूस पुढे यायचा आणि आपलं नाव पुन्हा लिहायचा, होतं त्याच जागी. जो वारला असेल त्याचं नाव त्याचा मुलगा किंवा मुलगी लिहायची, आणि मूल नसलं तर ज्याला तो जवळचा तो. एखाद्याचा हात वर्षभरात सुधारलेला असायचा, एखाद्याचा म्हातारपणाने थरथरायला लागलेला असायचा, आणि ते सगळ्यांना दिसायचं. मग गव्हाची खीर. चुन्याचा वास, खिरीतल्या वेलदोड्याचा वास आणि डिझेलचा वास, हे तिन्ही एकत्र आले की अजूनही माझ्यासाठी तो रविवार असतो.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजात विजया मॅडम आल्या. शहरातल्या जुन्या इमारतींची यादी करायचं काम सरकारने त्यांच्याकडे दिलं होतं आणि त्यांना मोजमापं घेणाऱ्या मुली हव्या होत्या. टेप, कागदाची फळी आणि टोपी घेऊन आम्ही उन्हात हिंडायचो. मॅडमनी मला पाहायला शिकवलं, हे मी आजही कबूल करते. गिलाव्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, तो पोकळ आला की आत पाणी शिरलंय. विटेची जाडी पाहून काळ सांगायचा. कमानीच्या टोकावरून कारागीर कुठला असेल याचा अदमास घ्यायचा. आमच्या घरात कुणी इमारत ‘पाहत’ नसे, इमारतीत राहत असत. मला तर नवे डोळे फुटले होते. मॅडम काळ्यासावळ्या, ठेंगण्या, केसांत जाईजुईचा गजरा, आणि बोलणं तेलुगू वळणाच्या हिंदीत. त्यांचं एक वाक्य, ‘बघ गं’ अशा अर्थाच्या तेलुगू ‘चूडम्मा’ने सुरू होणारं, मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. ‘‘चूडम्मा, इमारत बहुत कुछ बोलती. लेकिन कार्डमें वोईच लिखना, जो प्रूव कर सकते.’’

आणि त्याच हिवाळ्यात बग्गीखाना विकायला निघाला. जागीरदाराच्या घरातला कुणी नातू दूरदेशी होता, त्याने जागा एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. कमानी पाडून तिथे दुकानांची तीन मजली इमारत व्हायची होती. रजिया खाला पडवीत येऊन बसली आणि मायला म्हणाली, ‘‘गयाबाई, चाबी लेको मैं कां जाऊँ? ताला ही नै रहता तो चाबी कायकू?’’ बा जेवता जेवता नुसता माझ्याकडे पाहत राहिला. आमच्या सगळ्या गल्लीत कागदाशी आणि सरकारशी संबंध असलेली मी एकटी होते. यादीत नाव आलं तर इमारत पाडता येणार नव्हती, आणि यादी करणाऱ्यांत मी होते. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गळ घातली आणि बग्गीखान्याचं कार्ड माझ्या नावावर घेतलं.

रोज संध्याकाळी मी तिथे टेप लावून बसायची आणि बा ड्यूटीवरून परस्पर तिथे यायचा, खाकी सदऱ्यातच. टेपचं दुसरं टोक धरायला त्याला फार आवडायचं. एकदा मी रकाने वाचून दाखवले, तर म्हणाला, ‘‘शिकलेली मानसं भिताडाचीबी परीक्षा घेतेत व्हय? आन् पास किती मार्कांनी?’’ मी म्हटलं, ‘‘बा, थट्टा नको. पास झालं नाही तर पाडतील.’’ तो लगेच गंभीर झाला आणि टेप ताणून धरला. कमानींना बरे गुण पडणार हे मला दिसत होतं. हौदाला पडले असते. काळजी होती ती भिंतीची. माझ्या मनाने ती भिंतच सगळ्यात मोलाची, आणि मॅडमना मी पहिल्यांदा तीच नेऊन दाखवली. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. नावं वाचता येत नसूनही त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘अच्छा है. कमिटी आने तक कोई हाथ नै लगाना. जैसा है वैसा रखो.’’ मी त्यांना सांगायला हवं होतं की ही भिंत दर वर्षी पुसली जाते. मी सांगितलं नाही. सिद्ध करता येईल तेवढंच लिहायचं होतं, आणि दर वर्षी पुसल्या जाणाऱ्या अक्षरांचं वय मी काय सिद्ध करणार होते? मला वाटलं, जुनी दिसतात, जुनीच राहू देत.

कमिटीची तारीख जयंतीनंतरची ठरली. म्हणजे मधे तो रविवार येत होता. सकाळी नेहमीप्रमाणे पिंप भरलं, कळी चुरचुरू लागली, माणसं कुंचे घेऊन आली, आणि मी मधल्या कमानीत आडवी उभी राहिले. विशीतली मुलगी मी, आणि समोर मला कडेवर घेतलेली माणसं. मी सांगितलं की यंदा चुना नाही, नावं नाहीत, साहेब लोक पाहून जाईपर्यंत जसं आहे तसं ठेवायचं. एक म्हातारा म्हणाला, ‘‘औंदा माज्या बायकूचं नाव मला लिहायचं हाय गं.’’ त्याची बायको पावसाळ्यात गेली होती. मी म्हटलं, ‘‘काका, त्यांनी स्वतः लिहिलेलं आहे ना तिथे, ते तर जास्त मोलाचं आहे.’’ हे मी अगदी मनापासून म्हटलं, आणि आजही त्या वाक्यातलं नेमकं काय चुकीचं होतं ते मला पट्कन बोट ठेवून दाखवता येणार नाही. त्याने कुंचा खाली ठेवला. बाच पुढे झाला. ‘‘पोरगी शिकलेली हाय. एका सालाचं तं काम हाय. जागा वाचू द्या आगुदर.’’ त्याच्या शब्दावर सगळे मागे फिरले. विरलेला चुना रजिया खालाने आपल्या खोपटाला मारला. खीर झाली, पण ती घरोघरी नेऊन खाल्ली.

कमिटीत तीन गृहस्थ आणि मॅडम. बा मुद्दाम अर्धी रजा टाकून आला होता आणि हौदाजवळ हात बांधून उभा होता. कमानी पाहून ते खूश झाले, छताखाली मान वर करून बराच वेळ बोलले. मग नावांच्या भिंतीशी आले आणि त्यांतल्या सर्वांत वयस्कराने मला विचारलं की हे लेखन किती जुनं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. वर्ग कधी सुरू झाला ते सांगायचं, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होत नाही आणि ऐकणारा आपोआप समजून घेतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बा मागून अदबीने म्हणाला, ‘‘नै साब, ये पिछले सालका है. हर साल चूना मारको मिटाते, फिर अपने हाथसे लिखते. हमारा ऐसाईच चलता.’’ त्याच्या आवाजात अभिमान होता. मला वाटलं, जमीन दुभंगून आत जावं. त्या गृहस्थांनी मान डोलावली, दुसऱ्याला इंग्रजीत म्हणाले की मग हे काही जुनं नव्हे, आणि पुढे निघाले. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तेव्हा थांबून बाला ‘असं का करता?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण तो प्रश्न विचारायची जागा कार्डात नव्हती, आणि मला स्वतःलाही तो सुचला नव्हता.

घरी येऊन मी बावर खूप चिडले. त्याला म्हटलं, ‘‘तुला कुणी विचारलं होतं? गेलं आता सगळं.’’ तो म्हणाला, ‘‘खोटं बोलून ठिवलेली जागा आपली कशी व्हईल?’’ मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आणि त्या रागात, इमारत निसटू नये म्हणून, मी कार्डाचा शेरा लिहिला. ‘कमानी व छत उत्तम स्थितीत. आतील सर्व पृष्ठभाग व भिंतीवरील मजकूर यांना कोणत्याही प्रकारे रंग, चुना वा लेखन करू नये.’ इंग्रजीत ते फार भारदस्त दिसत होतं. भिंतीला वयाचे गुण नाहीत ना, मग निदान तिला संरक्षणाचं कलम तरी देऊ, असा माझा हिशेब. पावसाळ्यानंतर यादी निघाली, आणि कमानींच्या जोरावर बग्गीखाना तीत आला. गल्लीत पेढे वाटले गेले. बाने वॉर्डात सगळ्यांना सांगितलं की माझ्या पोरीने इमारत वाचवली. ते खरंच होतं. ती वाचली नसती तर आज लिहायलाही काही उरलं नसतं, हे मी स्वतःची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही, पण सांगायला हवं.

पुढच्या मार्चात खात्याने तिथे माझ्या शेऱ्यातल्या मनाईची पाटी लावली, तेलुगू आणि इंग्रजीत. आमच्या लोकांना ती वाचता येणार नाही म्हणून मी तोच मजकूर मराठीत, माझ्या उत्तम अक्षरात, ड्रॉइंगच्या कागदावर लिहिला आणि पाटीखाली चिकटवला. घरी कुणाला बोलले नाही. खरं तर धीर झाला नाही. वाटलं, वाचतील तेव्हा समजेल. जयंतीच्या आधल्या रविवारी बा सकाळीच आंघोळ करून, काजळीची वाटी घेऊन निघाला. माय खिरीचं पातेलं घेऊन मागे. मीही गेले. बा कमानीपाशी थांबला आणि कागद वाचू लागला. त्याचे ओठ हलत नव्हते. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. माझं अक्षर त्याने ओळखलं होतं, ते मला त्याच्या मानेवरून कळलं. मायला चष्म्याशिवाय दिसत नसे. तिने विचारलं, ‘‘काय लिवलंय?’’ बाने काजळीची वाटी हौदाच्या काठावर ठेवली.

‘‘सांगत न्हाई,’’ तो म्हणाला.

एवढंच. तो रागावला नाही, मला एका शब्दाने बोलला नाही. संध्याकाळी उलट मला विचारलं की परीक्षा कधी आहे. मायने मात्र नंतर, पातेलं घासता घासता, मला स्पष्ट सांगितलं. ‘‘तू जागा वाचवलीस, आन् आमाला त्येच्या बाहेर हुबं केलंस.’’ मी वाद घातला. मूळ अक्षर जपण्याचं महत्त्व, हस्ताक्षराचं मोल, सगळं तिला ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘आमी काय अक्षर जपत व्हतो? आमी लिवत व्हतो.’’ चार भाषांतले अहवाल मी पुढे वाचले; त्यांत हे इतक्या थोडक्यात कुणी म्हटलेलं मला सापडलेलं नाही. वर्ग आणखी दोन-तीन वर्षं कसाबसा चालला. नवं नाव लिहिता येत नाही म्हटल्यावर परीक्षेतली गंमत गेली, मग परीक्षा गेली, मग लोकांची पोरं शाळांतून शिकू लागली होतीच. बा त्यानंतरच्या थंडीत गेला, दवाखान्यातच, त्याच्याच वॉर्डात. रीतीप्रमाणे एप्रिलात त्याचं नाव मी लिहायचं होतं. माझा हात तयार होता, आणि माझंच कलम आड होतं.

त्यानंतर मी त्याच खात्यात लागले, नल्लकुंट्याला घर झालं, पुढे निवृत्तही झाले. बग्गीखान्याची चावी रजिया खालानंतर तिच्या मुलीच्या कमरेला आली. वर्षातून एकदा मी जायची आणि बाच्या नावासमोर उभी राहायची. चुना नाही म्हणून भिंतीला ओल धरली होती. पोपडे सुटत होते. शंकरमामांचं नाव अर्धं गेलं, चुन्याच्या दिवशी अडवलेल्या त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं पुरतं गेलं. ज्या अक्षरांना कुणी हात लावू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, ती कुणी हात न लावल्यामुळे जात होती. मी साठी ओलांडलेली बाई, पण तिथे उभं राहिलं की विशीतल्या त्या मुलीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटायचं. आणि लगेच वाटायचं, बाचा हात उरलाय तो एवढाच. तो पुसायला मी कशी परवानगी मागू? चुना लावला तर सगळं वाचतं, पण बाचं अक्षर जातं. या एका गोष्टीपायी मी किती तरी एप्रिल नुसते जाऊ दिले, हे आज लिहिताना लाज वाटते.

निकाल लागला तो माझ्या नातीमुळे. तन्वी नववीत, शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू, आणि मराठी म्हणजे आजीशी बोलायची भाषा. गेल्या सालच्या सुट्टीत तिला घेऊन मी गेले. ती भिंतीसमोर बोट न लावता, हवेत बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवू लागली. ‘‘कि... स... किसन. आजी, ये तुम्हारे डॅडी ना? मग यांच्याखाली जागा खाली का आहे?’’ मी तिला सगळं सांगितलं, कार्डासकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मग मी वाचायला शिकले तर माझं नाव कुठे लिहायचं?’’ मी त्याच आठवड्यात खात्यात गेले. तिथे आता एक तरुण अधिकारी आहे, मराठी समजणारा, भला मुलगा. मी अर्ज दिला, त्यात लिहिलं की दर वर्षी चुना देऊन नावं पुन्हा लिहिणं हाच या वास्तूचा मोलाचा भाग आहे, आणि आधीचा शेरा चुकीचा होता. त्याने अर्ज वाचला, माझी जुनी सही पाहिली, आणि संकोचून म्हणाला, ‘‘पण मॅडम, ओरिजिनल जाईल ना?’’

‘‘जाईल,’’ मी म्हटलं. हा शब्द उच्चारायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली.

भिंतीचे फोटो झाले, परवानगी यायला हिवाळा उजाडला, आणि या एप्रिलात, जयंतीच्या आधल्या रविवारी, पुन्हा पिंपात कळी चुरचुरली. जुन्यांतले चौघं होते, एकजण खुर्चीसकट उचलून आणलेला. बाकी त्यांची मुलं, सुना, नातवंडं. रजिया खालाच्या मुलीने कुलूप काढलं आणि म्हणाली, ‘‘अम्मा होते तो आज नाचते थे.’’ पहिला कुंचा मला दिला. मी गयाबाईवरून फिरवला, आणि मग खाली बाच्या नावावरून. ज्यांनी कधी चुना लावलेला नाही त्यांना हे ठाऊक नसतं, की ओला चुना पाण्यासारखा असतो, काही झाकत नाही. बाचं नाव तसंच दिसत राहिलं, उलट ओलीने अधिकच काळंभोर झालं. मी तिथेच खाली बसले. चुना जसजसा वाळत गेला तसतसं ते आतल्या आत मावळत गेलं, आधी सटवाजी, मग किसन. ऊन चांगलं होतं, फार वेळ लागला नाही. मी रडले, आणि तन्वी माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

भिंत वाळली तेव्हा मी उठून आधी मायचं नाव लिहिलं आणि मग बाचं, त्याच्या जागी. माझं अक्षर त्याच्याहून फार सुबक, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन. मग पिशवीतून एक पाकीट काढून मी तन्वीला दिलं. वर्षभर ती माझ्याकडे मराठी वाचायला शिकत होती, आणि तिला मी लिहिलेलं हे पहिलं पत्र. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि वाचू लागली. दोनदा अडली, एकदा परत मागे गेली, पण ओठ हलू दिले नाहीत. खुर्चीतला म्हाताराही मान पुढे काढून बघत होता. तिने कागदाची घडी घातली, तेव्हा शंकरमामांचा प्रश्न विचारायचा मान माझ्याकडे आला.

‘‘काय लिहिलंय?’’

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. पत्र तिने ओढणीच्या आत, घट्ट मुठीत धरलं.

‘‘सांगत नाही, आजी,’’ ती म्हणाली, आणि काजळीची वाटी घ्यायला हात पुढे केला.